ईस्टरचे फोटो गावाकडे काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुड फ्रायडे ते ईस्टर अशी तीन दिवसांची सुट्टी जोडून आली की नागपूर-पुण्याकडे नोकरीला असलेली मंडळी विदर्भातल्या गावी येतात. घर भरतं, पहाटेच्या उपासनेला सगळे एकत्र जातात, आणि सोमवारी परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात येतं की फोनमध्ये शंभर फोटो आहेत, पण आजीचा एकही धड नाही. हे पान अशा लोकांसाठी आहे. बहुतेक उत्तरं मोबाईलचा कॅमेरा गृहीत धरून दिली आहेत.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्याचा फोटोंशी काय संबंध?

बराच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे सण २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही येतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. आपल्याकडे या तीन तारखांना शिवार तीन वेगळ्या रंगांचं असतं. मार्चअखेरीस पळसाला थोडी फुलं उरलेली असतात आणि मोह टपटपायला लागलेला असतो. एप्रिलच्या मध्यावर पळस संपतो, बहाव्याचे पिवळे घोस दिसायला लागतात, वावरं उघडी पडतात आणि धुऱ्यावरच्या कडुनिंबाची नवी पालवी तेवढी हिरवी राहते. कोणत्या रंगाचं लुगडं किंवा दुपट्टा फोटोत उठून दिसेल, हे यावरून आधीच ठरवता येतं.

दुसरी गोष्ट चंद्राची. पौर्णिमा उलटून आठवड्याच्या आतच हा रविवार येतो, म्हणून ईस्टरच्या पहाटे आकाशात चंद्र हमखास असतो. पौर्णिमा नुकतीच झाली असेल तर तो पश्चिमेला उतरलेला दिसतो. पाच-सहा दिवस झाले असतील तर अर्धा होत आलेला, दक्षिणेला वर. २०२७ मध्ये तो असा वर असेल. पूर्वेला तांबडं फुटतंय म्हणून सगळे तिकडेच फोन धरतात. एकदा मागे वळून पाहा. चर्चच्या क्रुसावर चंद्र आणि खाली दिव्यांच्या उजेडात जमणारे लोक हा फोटो फक्त याच सणाला मिळतो.

उजेड किती वाजता चांगला असतो?

सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधीपासून साधारण आठ वाजेपर्यंत. विदर्भातल्या एप्रिलमध्ये सकाळची एवढीच वेळ आहे, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नागपूरकडे एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, २० तारखेपर्यंत सहाला सात-आठ मिनिटं कमी असतात. बुलडाण्याकडे तो दहा-बारा मिनिटं उशिरा येतो, गडचिरोलीकडे चार-पाच मिनिटं लवकर. सूर्य वर यायच्या आधी आकाश निळसर असतं आणि घरातला बल्ब पिवळा. त्या वेळी ओसरीवर उभं राहून दाराच्या आत चाललेली लगबग टिपली, म्हणजे कुणी केस विंचरतंय, कुणी लेकराच्या शर्टाची बटणं लावतंय, की दोन्ही रंग एकाच चौकटीत येतात.

नऊनंतर ऊन पांढरं पडतं. दुपारी सव्वाबाराच्या आसपास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली, नाक आणि कपाळ मात्र चमकतं. त्या उन्हात उभं करून कुणाचाही फोटो चांगला येत नाही, मग फोन कितीही महागाचा असो. संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा उजेड मऊ होतो, पण हवेत धूळ असते. ती धूळ कामाची आहे. गुरं घरी परतताना सूर्याकडे तोंड करून काढलेल्या फोटोत ती सोन्यासारखी पेटते.

उपासना चालू असताना फोटो काढावेत का?

आधी पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारा. शनिवारीच विचारा, रविवारी सकाळी ते घाईत असतात. परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद, आणि एका जागी बसून जेवढं दिसतं तेवढंच. वेदीसमोर जाऊन उभं राहायचं नाही. प्रभुभोजन घेताना, प्रार्थनेत डोळे मिटलेल्यांचे चेहरे जवळून काढायचे नाहीत. ते क्षण त्या माणसाचे आणि देवाचे आहेत.

गीत चालू असताना मात्र मोकळीक असते. ढोलकीवरचे हात, पेटीचा भाता, गीतांच्या पुस्तकावर बोट फिरवत ओळ शोधणारं पोर. चेहऱ्यांपेक्षा हात टिपा. हातांकडे फोन गेला की कुणी अवघडत नाही.

आणि गुड फ्रायडेला?

फोन खिशात ठेवा. बारा ते तीनची उपासना, येशूची क्रुसावरची सात वाक्यं, रडणारी म्हातारी माणसं: यातलं काहीही फोटोसाठी नाही. फारच वाटलं तर लोक गेल्यावर रिकाम्या बाकांचा किंवा चर्चबाहेर काढून ठेवलेल्या चपलांचा एखादा काढा. आठवडाभराची गोष्ट फोटोंतून सांगायची असेल तर झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सुरुवात करा. तेव्हा मुलांच्या हातात शिंदीच्या फांद्या असतात, मिरवणूक असते, आणि कुणाचीच ना नसते.

मेणबत्त्यांच्या उजेडातले फोटो हलतात. काय करावं?

कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री अंधारात विस्तव पेटवतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत जाते. पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस आणि त्या वर्षाचे चार आकडे असतात. तिचा एक जवळचा फोटो घ्याच, म्हणजे पुढे अल्बम चाळताना साल विचारावं लागत नाही.

फोटो हलतो कारण उजेड कमी असल्याने कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं राहतं. म्हणून फोन बाकाच्या पाठीवर टेकवा, कोपर पोटाशी घट्ट धरा आणि बटणाऐवजी तीन सेकंदांचा टायमर लावा. ज्योतीवर नको, चेहऱ्यावर बोट दाबून धरा. चौकट पिवळी होऊन लॉक होईल किंवा लॉकची खूण दिसेल. मग जवळच सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. ज्योत पांढरा ठिपका न होता ज्योतीसारखी दिसायला लागली की थांबा. नाईट मोड स्थिर माणसांसाठी ठीक आहे, पण ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे जात असताना तो बंद करा, कारण तो दोन-तीन सेकंद गोळा करत बसतो आणि हात पुसट होतात. त्या एका क्षणासाठी बटण दाबून धरून (काही फोनवर बटण बाजूला ओढून) सलग दहा-पंधरा फोटो काढायचे. दोन वाती टेकलेल्या आणि दोन्ही चेहरे उजळलेले, असा एखादा त्यात सापडतोच.

एका ओळीत बसलेल्यांचा फोटो हवा असेल तर ओळीच्या टोकाला बसून फोन छातीच्या उंचीवर धरा. जवळची ज्योत मोठी आणि पुसट येईल, मागच्या लहान होत जातील.

सगळे पांढरे कपडे घालतात आणि फोटोत ते नुसते चुन्यासारखे दिसतात. उपाय?

हा प्रश्न बाप्तिस्मा, लग्न, ईस्टर या सगळ्याला येतो. आपल्या माणसांचा रंग सावळा, साडी पांढरी. फोन चेहरा ओळखतो आणि चेहरा उजळायच्या नादात साडीचे काठ, चुण्या, बुट्टे सगळं घालवून बसतो. पहिला उपाय म्हणजे माणसाला उन्हातून सावलीत आणा. मग चेहऱ्यावर बोट दाबून उजेड लॉक करा आणि हळूच कमी करा, इतका की पदराची किनार दिसायला लागेल. चेहरा जरा गडद वाटला तर वाटू द्या. गडद चेहऱ्यातला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेल्या पांढऱ्यात काहीच उरलेलं नसतं.

ब्युटी फिल्टर बंद करा. आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून त्यांना गोरं करणारा कॅमेरा त्यांचा फोटो काढत नाही, दुसऱ्याच कुणाचा काढतो. हे मी सगळ्या घरांत, सगळ्या फोनवर आग्रहाने सांगत असते.

पार्श्वभूमीला निळीनं रंगवलेली भिंत असली तर सोन्याहून पिवळं. शेणानं सारवलेली भिंतही पांढऱ्या कपड्यांमागे फार शोभते. चुन्याच्या भिंतीपुढे पांढरी साडी उभी करू नका.

आमच्या गावात मोठं, देखणं चर्च नाही. मग फोटोत ईस्टर कसा दिसेल?

विदर्भात बहुतेक ठिकाणी असंच आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, त्यानंतर या भागात मिशनचं काम वाढलं ते शाळा, दवाखाने आणि कुष्ठधामांच्या आधाराने. यवतमाळ जिल्ह्यातलं उमरीचं हॉस्पिटल, वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, अचलपूरजवळचं कोठारा ही नावं आजही दवाखान्यांमुळे ओळखली जातात. आपला सण मिशन कंपाउंडात, कवेलूच्या छपराखाली, शाळेच्या पटांगणात, कुणाच्या अंगणात मांडव घालून होतो. तेच दाखवा. बाभळीच्या दोन काठ्या सुतळीनं बांधून केलेला क्रूस, त्यावर टाकलेलं पांढरं कापड आणि मोगऱ्याचा हार. घमेल्यात चाललेलं भाताचं वाढप. कंपाउंडाच्या फाटकाला टेकवलेल्या मोटारसायकली आणि एखादी बंडी. लिलीची फुलं नाहीत म्हणून खंत करू नका. एप्रिलमध्ये मोगरा आणि चाफा आपल्याकडे भरभरून असतात.

येशूच्या रिकाम्या कबरेचा देखावा करणार असाल तर थर्माकोलऐवजी वावरातले काळे दगड वापरा. पश्चिम आणि मध्य विदर्भात त्यांना तोटा नाही. आत एक लहान दिवा मागच्या बाजूला लपवा, समोरची घडी केलेली पांढरी वस्त्रं उजळतील. फोटो जमिनीला फोन टेकवून काढा, म्हणजे गुडघाभर उंचीचा देखावाही खऱ्या गुहेएवढा वाटतो.

ससे, पिल्लं, टोपल्या हे सगळं आणावं का?

मुलांना हौस असेल तर पुठ्ठ्याचे कान करा. रानातला ससा पकडून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो संरक्षित आहे आणि भीतीने मरूही शकतो. बाजारात रंगवलेली कोंबडीची पिल्लं मिळतात, तीही घेऊ नका. घरच्या कोंबडीनं अंडी उबवली असतील तर त्यासारखं काही नाही. टोपली तिरपी उचलून कोंबडीच्या उंचीला फोन न्या आणि वाट पाहा, पिल्लू पंखाखालून मान काढतंच.

रंगवलेल्या अंड्यांचा फोटो वेगळा कसा काढता येईल?

रंग घरचेच करा. कांद्याच्या सुक्या टरफलांचं पाणी तांबूस-तपकिरी रंग देतं, हळदीचं पिवळा. पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं की रंग चांगला धरतो. अंडी पांढऱ्या कवचाची घ्या, गावरान अंड्याचं कवच मुळातच मातकट असतं.

आता खरी गंमत. कोथिंबिरीचं किंवा शेवग्याचं छोटं पान ओलं करून अंड्यावर चिकटवा. जुन्या मलमलीचा तुकडा त्यावर ताणून बसवा आणि मागे दोऱ्याने घट्ट गाठ मारा, इतकी घट्ट की पानाची कड कुठेही उचललेली राहणार नाही. टरफलांच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळा आणि त्याच पाण्यात निवू द्या. कापड सोडलं, पान सोललं की तपकिरी कवचावर पानाची फिकट छाप उमटलेली असते, पुष्कळदा शिराही दिसतात. कापडाच्या चुणीत रंग जिथे साचला तिथे गडद रेघ येते, ती फार छान दिसते. तेलाचं बोट फिरवलं की चकाकी येते.

फोटोचा क्रम तयार अंड्यांपाशी सुरू करू नका. टरफलं गोळा करणारी काकू, गाठ मारणारी बोटं, उकळत्या पातेल्यावरची वाफ, कापड सोडताना मुलांचे चेहरे, आणि मग अंडी. बांबूच्या टोपलीत कुटार किंवा तणस पसरून ती ठेवा, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल अशी. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा केला की सावली हलकी होते. फोटोच्या नादात अंडी उन्हात विसरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उकडलेलं अंडं तासाभराहून जास्त बाहेर राहिलं तर खाऊ नये.

मुलांचा अंडी शोधण्याचा खेळ कुठे घ्यावा?

अंगणात, सकाळी सातला. पऱ्हाट्यांच्या ढिगात, तुराट्यांच्या भाऱ्यात किंवा कवेलूच्या थप्पीत अंडी मुळीच लपवू नका. या दिवसांत तिथे विंचू असतात. बंडीच्या चाकाच्या आऱ्यांत, खिडकीच्या गजांमागे, रांजणाच्या तिवईखाली, आंब्याच्या खालच्या बेचक्यात ठेवा. अंडं कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून आधीच अंड्याच्या मागे जाऊन बसा, फोन मुलांकडे रोखून. सापडल्याच्या क्षणी चेहरा समोरच असतो. पळणारी मुलं उघड्या उजेडातच टिपा, सावलीत ती पुसट येतात.

चाळीस जणांचा ग्रुप फोटो?

कडुनिंबाखाली नको. नव्या पालवीतून ऊन गाळून येतं आणि चेहऱ्यांवर कवडसे पडतात. आंब्याची दाट सावली चालेल, इमारतीची त्याहून बरी. सकाळी चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीला सावली असते, उपासना सुटल्याबरोबर तिकडे चला. म्हातारी माणसं खुर्च्यांवर पुढे, लहान पोरं सतरंजीवर, बाकीचे मागे पायऱ्यांवर. फोटो काढणारा बाकावर उभा राहिला तर मागचे चेहरे झाकले जात नाहीत. फोन आडवा धरा आणि मधल्या, साध्या लेन्सने काढा. रुंद लेन्सने टोकाची माणसं ओढल्यासारखी दिसतात.

आणि सगळे पांगायला लागले की लगेच फोन खाली घेऊ नका. ताठ उभं राहणं संपलं की माणसं एकमेकांकडे वळतात, कुणीतरी कुणाची टर उडवतं, मोठी आई पुतण्याच्या गालाला हात लावते.

आजी फोटो काढू देत नाही, काय करू?

तिच्याजवळ बसा. फोन नंतर. तिच्या हाताला काम असेल तेव्हा विचारा, “आजी, तू हे करताना एक काढू का?” गव्हाच्या शेवया, मोगऱ्याचा गजरा, जुन्या बायबलची पानं. समोर बघायला सांगू नका. दाराच्या आत एक पाऊल, उजेड एका गालावर, मागचं घर काळोखं. घरातल्या कुठल्याही माणसाचा सगळ्यात सुंदर फोटो तिथे निघतो. पदर नीट करायचा असेल तर करू द्या. काढलेला फोटो तिला दाखवा आणि तिनं नको म्हटलं तर तिच्यासमोरच पुसून टाका. बहुतेक वेळा ती स्वतःच म्हणते, आता नीट काढ.

कबरस्तानात फोटो चालतो का?

अनेक मंडळ्यांची पहाटेची उपासना तिथेच होते. कबरींना चुना लावलेला असतो, वर फुलं, मेणबत्त्या. तो शोकापेक्षा आशेचा प्रसंग आहे, त्यामुळे दुरून काढायला हरकत नसते. परक्या कबरीवरचं नाव फोटोत घेऊ नका. ज्या घरात याच वर्षी कुणी गेलं आहे त्यांच्याकडे फोन रोखू नका, आणि त्यांनीच सांगितलं तर मन लावून काढा.

मोह वेचणाऱ्यांचे फोटो काढायला जंगलात जायचं आहे.

एकटे आणि अंधारात जाऊ नका. मोहफुलांसाठी अस्वलंही पहाटेच येतात. वेचायला जाणाऱ्या गावातल्याच माणसांबरोबर, त्यांना विचारून जा, आणि थोडा वेळ तुम्हीही वेचा. टोपलीतली फिकट पिवळी, रसरशीत फुलं जवळून फार सुंदर येतात. भंडारा-गोंदियाकडे असाल तर जवळचा मामा (माजी मालगुजारी) तलाव गाठा. एप्रिलमध्ये पाणी आटलेलं असतं, पण वारा पडलेल्या पहाटे उरलेल्या पाण्यात अख्खं आकाश उतरतं.

दुपारी काहीच काढायचं नाही का?

घरात काढा. कुलरच्या जाळीतून येणारा उजेड, ओल्या वाळ्याच्या ताट्या, पंगतीनंतर जमिनीवर आडवे झालेले सहा-सात जण, डेऱ्यातून पाणी घेणारं पोर, कैरीच्या पन्ह्याचे पेले. जुने फोटो ट्रंकेतून काढून आजोबांना एकेकाचं नाव सांगायला लावा आणि ते सांगत असताना व्हिडिओ चालू ठेवा. दुपारचा याहून चांगला उपयोग नाही.

फोन तापून बंद पडतो.

पडणारच. ॲपल आपल्या फोनसाठी बाहेरचं तापमान ० ते ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये चाळिशी सहज पार होते. मागचं कव्हर काढा, फोन सावलीत ठेवा, लांब व्हिडिओ टाळा, उन्हात चार्ज करू नका. फ्रिजमध्ये घालू नका. आत ओल धरते. लेन्स सुती कापडानं पुसत राहा, धूळ आणि घामाने फोटो धुरकट येतात.

घरी गेल्यावर फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले की फुटतात.

पाठवताना एचडी निवडा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. त्यातले दहाच निवडून तालुक्याच्या स्टुडिओतून छापून घ्या. ४ बाय ६ इंचासाठी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, कुठल्याही फोनमध्ये तेवढे असतात. मागे पेन्सिलीनं नावं, गाव आणि साल लिहा. एक संच आजीच्या घरी ठेवा, एक पाळकसाहेबांकडे द्या. पुष्कळ मंडळ्यांकडे स्वतःच्या सणांचे फोटोच नसतात.